यादीतला पहिला फीडर

खिळ्यावर किल्ली नव्हती.

मशीन ओरडत होतं. अण्णांच्या नाकात नळी होती, पण नळीतून काही येत नव्हतं. बोटाला लावलेल्या चिमट्यावर आकडा होता शहाऐंशी. दुपारचे सव्वादोन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि घरात आम्ही दोघंच होतो. मी भिंतीवरून हात फिरवला, खिळ्याखाली वाकून बघितलं, सिलिंडरमागं बघितलं. किल्ली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑक्सिजनचं मशीन खोलीतली हवा ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीतून माणसाला देतं. त्याला वीज लागते. वीज गेली की सिलिंडर. सिलिंडरच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह हातानं फिरत नाही. त्याला वीतभर लोखंडी किल्ली लागते. किल्ली नसेल तर भरलेला सिलिंडर आणि रिकामा सिलिंडर यात काही फरक नाही.

मी चौथी पास आहे. कराडच्या एका दवाखान्यात बावीस वर्षं आया होते. तिथून सुटले आणि घरोघरी रुग्ण सांभाळायला लागले. अण्णा माझे सातवे. आधीचे सहा गेले. या कामात असंच असतं, कुणी बरं होऊन उठत नाही. अण्णांची फुप्फुसं सुकून घट्ट झाली होती. मशीनवर चार लिटर लावलं की त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णव राहायचा. नळी काढून संडासाला जाऊन आले तरी ऐंशीपर्यंत यायचा.

"शहाऐंशी," मी म्हणाले. का म्हणाले माहीत नाही. त्यांना दिसतच होतं.

अण्णा विजेच्या खात्यात मोठे अधिकारी होते. मुंबईकडच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी झाली. वीज कुठून किती येते, कुठं किती जाते, ते तिथून बघतात. निवृत्त झाल्यावर कराडच्या बाहेर नव्या वसाहतीत बांधलेल्या घरात राहायला आले. बायको गेली. मुलगा अनिकेत हैदराबादला. त्यानं अण्णांच्या खोलीत कॅमेरा लावला होता आणि मला कामावर ठेवताना सांगितलं होतं, "मावशी, मी तिकडून बघत असतो, काळजी करू नका." काळजी मला नव्हती. पाठीवर कुणी बघतंय म्हटल्यावर जेवण जात नाही, एवढंच.

अण्णांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर देवाची तसबीर नव्हती. तिथं एक मीटर होता. काळा डबा, त्यावर तांबडे आकडे. पन्नास पूर्णांक शून्य दोन, एकोणपन्नास पूर्णांक अठ्ठ्याण्णव, असे दिवसभर हलायचे. अण्णा ते बघत बसायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, डोकं गेलंय.

"ते काय हाय?" मी विचारलं.

"फ्रिक्वेन्सी. देशाची नाडी समजा."

"पन्नास म्हंजी बरी का वाईट?"

"पन्नास म्हणजे बरी."

मग त्यांनी मला थोडं थोडं समजावलं. त्यांना बोलायला दुसरं कुणी नव्हतं आणि मला ऐकायचा पगार मिळत होता. पूर्वी ज्याची वीज त्याच्या भागात राहायची. आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्या तारा एकमेकींना जोडल्यात. पुढं भूतान, नेपाळपर्यंत. ज्याच्याकडं जास्त आहे तो विकतो, ज्याला कमी पडते तो घेतो. दर पंधरा मिनिटांनी बाजार भरतो, पण माल साठवून ठेवायची सोय फार थोडी. जेवढी लागते तेवढी त्याच घटकेला तयार व्हावी लागते. सगळी मशीनं एका ठोक्यात फिरतात.

मी म्हणाले, "जात्यावर दोघी बसल्या आन् एकीनं हात सोडला, तर दुसरीला जड जातं. जातं मंदावतं."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "मला हे शिकवायला कॉलेजात दोन वर्षं लावली," म्हणाले.

"आन् लयच मंदावलं तर?"

"तर दाणे कमी टाकायचे. म्हणजे कुणाची तरी वीज तोडायची. नाहीतर जातंच थांबेल, सगळ्यांचंच."

"कुणाची तोडायची?"

"त्याची यादी असते. गावाला, वसाहतीला जी एकेक लाईन जाते, तिला फीडर म्हणतात. आकडा घसरला की यादीतले फीडर ओळीनं आपोआप बंद होतात. माणूस हात लावत नाही. तेवढा वेळच नसतो."

हे मी तेव्हा ऐकलं आणि भाकरी करायला गेले. ती यादी माझ्या काही उपयोगाची नव्हती.

आता त्या दिवसाकडं. सकाळी नऊ ते दीड आमच्याकडं वीज नव्हती. झाडं तोडायची होती, तसा मेसेज आला होता. तेवढा वेळ मशीन इन्व्हर्टरवर चाललं. दीडला वीज आली तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी पार उतरलेली. अण्णा म्हणाले, "सुटलो. आता संध्याकाळपर्यंत भरेल." मी त्यांना आमटी-भात दिला. ताट उचलत होते तेव्हा त्यांनी हाक मारली.

"इंदूबाई. एकोणपन्नास सहा."

"बरं."

"बरं काय? खाली चाललंय."

मी बघितलं. तांबडे आकडे भराभर उतरत होते. इतक्या दिवसांत मी ते असे उतरताना कधी बघितले नव्हते.

"कुठंतरी मोठं पडलंय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम ऑफिसातल्या माणसाचा झाला. "पाच... चार... जाणार."

मीटर काळा झाला. पंखा थांबला. इन्व्हर्टरनं तीन मिनिटं कशीबशी दिली आणि तोही गेला. मग मशीन ओरडायला लागलं, आणि खिळ्यावर किल्ली नव्हती.

मोबाईल वाजला. अनिकेतचं नाव होतं. वीज गेल्यावर कॅमेरा बंद पडला असणार. मी कट केला. स्वयंपाकघरातले ड्रॉवर ओढले. सांडशी घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला गेले. सांडशी घसरली, माझ्या अंगठ्याचं नख उलटं झालं. मोबाईल पुन्हा वाजला. मी बघितलंसुद्धा नाही, कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट केला.

एकोणऐंशी.

अण्णांचे ओठ जांभळे दिसायला लागले. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात खाली केला आणि पलंगाखाली बोट दाखवलं.

बावीस वर्षांची सवय वाईट. रुग्णानं खाली बोट दाखवलं की मला एकच समजतं. मी बेडपॅन काढला.

अण्णांनी मान हलवली. मी म्हणाले, "लाजायची येळ न्हाई ही." त्यांनी बेडपॅनला हातानं ढकललं. तो फरशीवर आपटला. त्यांनी पुन्हा खाली बोट दाखवलं आणि मग दोन्ही हात जोडले. मला वाटलं, निरोप घेतात. तेव्हा मात्र माझं डोकं चाललं. हात जोडले म्हणजे पूजा. पलंगाखाली पेटी.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-खुरपं पुजतो, सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्यालाही विश्रांती. त्या वर्षी अण्णांनी त्यांची पक्कड, टेस्टर, पाने पाटावर मांडायला लावले होते. सगळं मांडून झाल्यावर म्हणाले, "तुमचं हत्यार कुठाय? ठेवा की."

"माझं कसलं हत्यार? बेडपॅन ठिवू का?"

अण्णा इतके हसले की आकडा ब्याऐंशीवर आला आणि मला मशीन वाढवावं लागलं. पण मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मी सिलिंडरची किल्ली काढली, धुतली, पक्कडीशेजारी ठेवली. हळद-कुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर अण्णांनी बसल्या बसल्या एकेका हत्याराला तेलाचं बोट लावलं, सगळं तांबड्या फडक्यात बांधलं आणि मी पेटीत घालून पेटी पलंगाखाली सरकवली. खिळा रिकामा राहिला. मी त्या खिळ्यासमोरून रोज केर काढत होते.

पेटी ओढली. फडकं सोडलं. किल्ली होती. कुंकवानं लाल आणि तेलानं बरबटलेली.

इथं मी थांबले. दवाखान्यात आम्हाला एकच गोष्ट ओरडून ओरडून शिकवली होती. ऑक्सिजनला तेलाचा हात लावायचा नाही. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की भडका उडतो. एका वॉर्डबॉयचा हात मी भाजलेला बघितला आहे. आकडा होता बहात्तर. मी किल्ली पदराला पुसली, मग इंजेक्शनच्या स्पिरिटनं दोनदा पुसली, हात पुसले, पुन्हा किल्ली पुसून कोरडी केली. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. त्या मिनिटात अण्णा माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं बघत नव्हते.

किल्ली बसली. व्हॉल्व्ह फिरला. फुस्स झालं. मी नळी जोडली आणि सहा लिटरवर सोडलं.

एकाहत्तर. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. मग चढायला लागला. नव्वदला आल्यावर मी खाली फरशीवर बसले. अण्णांचा पहिला शब्द होता, "कोयना."

"काय?"

"कोयना उचलेल आता. पाण्याची मशीनं... चटकन फिरतात. बघा. अर्ध्या तासात येते."

माणूस आत्ता मरत होता आणि त्याला धरणाची काळजी.

मग मी मोबाईल हातात घेतला. अनिकेतचे पाच फोन होते. शकुंतलाचे दोन. शकुंतला माझ्याबरोबर दवाखान्यात होती. आता आमच्याच वसाहतीत, तीन गल्ल्या सोडून, सुभद्राबाईंना सांभाळत होती. त्याही मशीनवर. मी आधी अनिकेतला लावला, कारण कामावर त्यानं ठेवलं होतं.

"मावशी, कॅमेरा का बंद आहे? तुम्ही फोन कट का करता?"

"लाईट गेल्यात. अण्णा सिलिंडरवर हायत. बरं हाय."

"आकडा किती आहे? फोटो पाठवा. सिलिंडरच्या काट्याचाही पाठवा. मला प्रोसिजर काय झाली ते नीट सांगा."

मी फोटो काढले, पाठवले. तो म्हणाला, हलला आहे. दुसरे पाठवले. अण्णांशी बोलू दे म्हणाला. अण्णांना बोलवत नव्हतं, तरी "ठीक आहे" म्हणायला लावलं. यात दहा मिनिटं गेली.

मग शकुंतलाला लावला.

"इंदे, कुठं मेली हुतीस?" ती रडत होती. "तुमच्याकडं दोन सिलिंडर हायत म्हनून फोन केला. इथं सिलिंडरच न्हाई. इन्व्हर्टर सकाळीच मेलेला. म्हातारी काळीनिळी पडली गं. आत्ता सुनेनं रिक्षात घालून नेली."

"मी किल्ली हुडकत हुते."

"कसली किल्ली?"

मी फोन ठेवला. आमच्याकडं दोन होते, ते खरं. एक भरलेला, एक अर्धा. अर्धा छोटा होता, चाकावरचा. तीन गल्ल्या म्हणजे ओढत न्यायला पाच मिनिटं.

वीज पाऊण तासानं आली. मीटर पेटला. पन्नास पूर्णांक शून्य एक. जणू काही झालंच नव्हतं. पंखा फिरला, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. घराला एवढ्या खोल्या आहेत, पण त्या संध्याकाळी मी त्याच खोलीत खाली बसून राहिले. नुसतं मशीन धापा टाकत होतं.

दिवेलागणीला शकुंतलाचा फोन आला. सुभद्राबाई दवाखान्याच्या दारातच गेल्या होत्या.

अण्णांनी विचारलं, "कोण?"

या कामात रुग्णाला मरणाची बातमी सांगायची नसते. मी सांगितली. त्या माणसाला खोटं सांगून चाललं नसतं, आणि मलाही एकटीला ती धरून बसायची नव्हती.

"आपल्याच फीडरवर?"

"तीन गल्ल्या सोडून. तुमाला म्हाईत."

त्यांनी रात्री जेवण घेतलं नाही. सकाळी मला मोबाईल लावायला सांगितला. साळुंखे म्हणून त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता त्या कंट्रोल रूममध्ये मोठ्या जागेवर आहे. फोन मी स्पीकरवर धरला.

"नमस्कार साहेब! तब्येत काय म्हणते?"

"आहे. काल काय झालं?"

"तिकडं वर एक मोठी लाईन ट्रिप झाली साहेब." ट्रिप म्हणजे आपोआप बंद पडणं. "तिच्यामागं दुसरी. बाजारातनं घेतलेली वीज वाटेतच अडकली. फ्रिक्वेन्सी धाडकन खाली. पण सिस्टीम वाचली साहेब. तोडायचे ते फीडर बरोबर तुटले, कोयनेनं उचललं. नाहीतर शेजारची राज्यं घेऊन अंधार झाला असता."

"पहिल्या टप्प्यात आमच्याकडचा कुठला होता?"

साळुंखे हसला. "तुमचाच की साहेब. तुमची यादी अजून तशीच आहे. नव्या पोरांना मी सांगतो, आमच्या साहेबांनी यादी केली तेव्हा स्वतःच्या घराचा फीडर पहिला घातला."

मी अण्णांकडं बघितलं. ते मीटरकडं बघत होते.

हे मला माहीत नव्हतं. नंतर त्यांनी सांगितलं. यादी करायची वेळ आली तेव्हा जो तो आपलं गाव वाचवायला बघत होता. पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या यायच्या. त्याच वेळी अण्णा ही जागा घेऊन पाया खणत होते. उद्या कुणी म्हणायला नको की साहेबानं आपलं घर वाचवलं, म्हणून त्यांनी या वसाहतीचा फीडर सगळ्यात वर लिहिला. वसाहतीत तेव्हा चार घरं होती. पुढं ती भरली. अण्णा निवृत्त झाले. यादी तिथंच राहिली.

"साळुंखे," अण्णा म्हणाले, "दवाखान्याचा फीडर आपण यादीत घालत नाही."

"नाही साहेब. कधीच नाही."

"घरातला रुग्ण मात्र असतो यादीत."

"साहेब, फीडरवर किती मेगावॅट आहे ते आम्हाला दिसतं. माणसं दिसत नाहीत. तुमचा काढू का? तुम्ही म्हणाल तर प्रस्ताव करतो. तेवढाच लोड दुसरा घालावा लागेल. वडूजकडचा एक बसतो बरोबर."

वडूज माझं गाव. तिथं माझं घर आहे, कुलूप लावलेलं. मुलगा लष्करात, सून त्याच्याजवळ. शेजारी माझी थोरली जाऊ राहते. दम्याची. तिचाही एक वाफेचा डबा आहे, विजेवरचा.

अण्णांना ते माहीत होतं. मी काही बोलणार नव्हते, पण बोलले.

"आमच्याकडंबी मानसंच ऱ्हात्यात."

"कोण बोलतंय साहेब?" साळुंख्यानं विचारलं.

"माझ्या घरी असतात त्या," अण्णा म्हणाले. मग त्यांनी नाकातली नळी नीट बसवली. मशीनचा आवाज तेवढा फोनवर जात असणार. "राहू दे, साळुंखे. आहे तशी राहू दे."

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कुणाचा तरी तुटणारच."

"ते समजलं," मी म्हणाले. "पन ज्याचा तुटनार त्याला म्हाईत तरी पायजे का नको?"

त्यावर त्यांनी वही मागितली. त्यानंतरचे आठ दिवस मी दुपारी त्यांचा डोळा लागला की वसाहतीत फिरले. घराघरांतून रुग्ण सांभाळणाऱ्या बायका एकमेकींना ओळखतात. कुणाकडं मशीन आहे, कुणाकडं सिलिंडर आहे, कुणाची बॅटरी मेलेली आहे, मी विचारून यायचे आणि अण्णा लिहायचे. नवीन मशीन कुणाकडं येणार आहे तेही लिहिलं. एक प्रत इथल्या वीज कार्यालयात दिली. तिथल्या साहेबानं ती घेतली, बघितली आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली. झाडं तोडायची असतील तर आदल्या दिवशी आता त्या घरांत फोन येतो. वीज परत आली तरी इन्व्हर्टर लगेच भरत नाही, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. मीटरचा आकडा घसरला तर मात्र फोन येणार नाही. तेवढा वेळ नसतो.

आमचा छोटा सिलिंडर आता दाराशी असतो. कुणाचाही फोन आला तरी मी उचलते. किल्ली खिळ्यावर आहे, दोरीनं बांधलेली. यंदाच्या खंडेनवमीला अण्णा म्हणाले, "तुमचं हत्यार?" मी हळद-कुंकवाची वाटी घेऊन भिंतीपाशी गेले आणि किल्लीला तिथं खिळ्यावरच लावून आले. तेल लावलं नाही.

शकुंतला माझ्याशी बोलते. पूर्वीइतकी नाही.

त्या दुपारी आमच्या फीडरवर चोवीस तास मशीनवर असलेली माणसं दोन होती. सुभद्राबाई गेल्या. अण्णा वाचले.